‘वनस्पतिजन्य अस्थिकलम’ : एका संज्ञेची चिकित्सा

पर्यायी पदार्थाला नाव देताना भाषा पुष्कळदा मूळ पदार्थाचे नाव कायम ठेवते आणि त्याच्यामागे उगमाचे विशेषण जोडते. ‘वनस्पती तूप’ हे ह्याचे मराठी घरांत रुळलेले उदाहरण होय. त्या डब्यातील पदार्थ लोणी कढवून झालेला नसतो, म्हणून तो तूप नव्हे. आणि तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून तो थिजवलेला असल्यामुळे कोणत्याही झाडाच्या बीमध्ये तो त्या स्वरूपात सापडत नाही. तरीही ‘वनस्पती’ हे विशेषण त्याला इतके चिकटले की पुढे ‘तूप’ गळाले आणि वाण्याच्या दुकानात नुसते ‘वनस्पती’ मागितले तरी पुरेसे होऊ लागले. विशेषणाने नामाची जागा घेतली, आणि ह्या घडामोडीत पदार्थाचे खरे स्वरूप, म्हणजे ती प्रक्रिया, नावात कोठेच उरली नाही.

शल्यशास्त्राच्या एका शाखेत आज असेच घडू पाहत आहे. गेल्या सुमारे वीस वर्षांत हाडातील तूट भरून काढण्यासाठी वेत, बर्चचे लाकूड, सफरचंद, सोयाबीन, समुद्रातील शैवल अशा नाना उगमांच्या पदार्थांवर संशोधन झाले आहे. इंग्रजी लेखनात ह्या सर्वांना एकाच नावाने संबोधण्याची रीत पडली असून त्याचा मराठी प्रतिशब्द ‘वनस्पतिजन्य अस्थिकलम’ असा सहज सुचतो. प्रतिशब्द म्हणून त्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष आहे तो वेगळा. ‘वनस्पति’, ‘जन्य’ आणि ‘कलम’ ही तिन्ही पदे वाचकाला जे सांगतात ते त्या पदार्थांना लागू पडत नाही, किंवा काहींना लागू पडते आणि काहींना मुळीच नाही. ही केवळ शब्दांची कुरकुर नव्हे. ज्याच्या शरीरात हा पदार्थ बसवायचा असतो तो रुग्ण संमती देतो ती पदार्थाच्या नावाला देतो. सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र त्याने पाहिलेले नसते.

प्रथम ‘कलम’ ह्या पदाचा विचार करणे सोयीचे होईल, कारण मूळ कल्पना त्यातच आहे. इंग्रजीतील ‘ग्राफ्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमार्गे ग्रीकमधील लिहिण्याच्या टोकदार लेखणीच्या नावावरून आला. झाडाच्या खुंटात खोचावयाची डहाळी टोकाला तिरकी तासलेली असते; तिचे लेखणीशी साम्य दिसले म्हणून तिला लेखणीचे नाव पडले. मराठीतील ‘कलम’ शब्दाचा प्रवास ह्याहून फार निराळा नाही. तो फारसी-अरबीतून आला, तेथेही त्याचा अर्थ बोरूची लेखणी असाच आहे, आणि अरबीत तो ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू, वेळू, ह्या शब्दापासून आला. म्हणजे दोन भाषाकुलांनी वेगवेगळ्या वाटांनी बागेतील एकाच कृतीला लेखणीचे नाव दिले. शल्यचिकित्सकांनी ते बागेतूनच उचलले. अमेरिकन अस्थिशल्यविशारद फ्रेड अल्बी ह्यांनी १९११ साली क्षयाने किडलेल्या पाठीच्या कण्यात नडगीच्या हाडाचा तुकडा खोचून तो सांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लहानपणी मेन प्रांतात आजोबांच्या हाताखाली ते झाडांवर कलमे बांधावयास शिकले होते. त्यांच्या बाबतीत ‘कलम’ हा अलंकार नसून हाताची सवय होती.

तथापि अलंकार म्हणून पाहता तो मर्माच्या ठिकाणीच फसतो. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची डहाळी बांधली म्हणजे ती जगते, खुंटाचा रस घेते, परंतु आपले हापूसपण सोडत नाही. शंभर वर्षांनंतरही त्या फांदीला हापूसच लागेल. कलमाचे सारे मोल ह्या न बदलण्यात आहे. हाडाच्या कलमाचे नेमके उलट आहे. एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी बसवलेल्या तुकड्यातील बहुतांश पेशी रक्तपुरवठा तुटल्यामुळे मरतात. मग भोवतालच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने हाड थोडे थोडे खाल्ले जाते आणि त्याच्या जागी नवे घातले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शल्यसाहित्यात ह्या क्रियेला रांगत रांगत होणारे प्रतिस्थापन अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि ते नाव ‘कलम’ ह्यापेक्षा पुष्कळ अचूक आहे. सच्छिद्र हाडाचा तुकडा ह्या रीतीने यथावकाश पूर्णपणे बदलला जातो. घट्ट हाडाचा काही भाग मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. हापूसची डहाळी टिकून राहिली तर कलम साधले म्हणतात. येथे मात्र तुकडा नाहीसा होऊन त्याची जागा शरीराने घेतली तरच ते साधले म्हणावयाचे. ‘अस्थिरोपण’ ह्या दुसऱ्या पर्यायात हा विरोध थोडा सौम्य होतो. आयुर्वेदात ‘रोपण’ ह्याचा अर्थ व्रण भरून आणणे असाही आहे, आणि हाडाच्या बाबतीत तो अर्थच खरा. पण आजच्या वाचकाला त्या शब्दात रोपच दिसते.

मुळात पर्यायाची गरज का पडली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेला तुकडा आजही श्रेष्ठ मानला जातो. त्याच्यात तीन गुण एकत्र असतात : नव्या हाडाला वाढण्यास वाट देणे, भोवतालच्या पेशींना हाड बनविण्याची प्रेरणा देणे, आणि स्वतःतील जिवंत पेशींनी हाड बनविणे. प्रेरणेचा गुण हाडातच असतो हे मार्शल युरिस्ट ह्यांनी १९६५ साली दाखविले. खनिज काढून टाकलेले हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवले आणि तेथे, जेथे हाडाचे काही कारण नव्हते तेथे, नवे हाड उत्पन्न झाले. मात्र हा तुकडा काढण्यासाठी दुसरी जखम करावी लागते. तिची वेदना पुष्कळदा मूळ दुखण्याहून अधिक काळ टिकते, आणि काढता येणारे हाड मोजकेच असते. दुसऱ्या माणसाचे हाड वापरता येते. ग्लासगो येथे विल्यम मॅक्यूएन ह्यांनी १८८० च्या सुमारास एका मुलाच्या दंडाचे हाड इतर मुलांच्या नडगीतून काढलेल्या तुकड्यांनी उभे केले होते. पण त्यात रोगसंसर्गाचा धोका राहतो. गाईबैलांच्या हाडातील सेंद्रिय अंश काढून उरलेले खनिज दंतशल्यात बरेच वापरले जाते. त्याशिवाय कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट आहेच. ह्या रांगेत शेवटी वनस्पती येऊन उभी राहिली.

आता ‘जन्य’ ह्या पदाकडे वळता येईल. जन्यजनकभाव हा एकच संबंध नाही. घट मातीपासून होतो, तसा तो कुंभाराच्या चाकापासूनही होतो. पण माती घटात राहते आणि चाक राहत नाही. नैयायिकांनी ह्यासाठी समवायी कारण आणि निमित्त कारण असा भेद केलेला आहे. ‘वनस्पतिजन्य’ ह्या शब्दात हा भेद बुडून जातो, आणि तो कोठे बुडतो हे वेताच्या उदाहरणात सर्वांत स्वच्छ दिसते.

इटलीतील फाएन्झा हे गाव कुंभारकामासाठी जुने प्रसिद्ध आहे. झिलईदार मातीच्या भांड्यांचे ‘फायॉन्स’ हे युरोपीय नाव त्याच गावावरून पडले. तेथील सिरॅमिक संशोधनसंस्थेतील आन्ना तांपिएरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी लाकडाची रचना हाडाच्या खनिजात उतरविण्याची प्रक्रिया २००९ साली प्रसिद्ध केली. तीत वेताला विशेष महत्त्व आहे. प्रक्रिया अशी : वेताचा तुकडा हवेविना तापवून त्याचा कोळसा करावयाचा, परंतु अशा बेताने की त्याच्या सूक्ष्म नळ्या कोसळू नयेत. त्या कोळशात कॅल्शियमची वाफ मुरवून कॅल्शियम कार्बाइड बनवावयाचे; त्याचे ऑक्सिडीकरण करून कॅल्शियम ऑक्साइड, मग कार्बन डायऑक्साइडच्या योगाने कॅल्शियम कार्बोनेट, आणि अखेरीस फॉस्फेटच्या द्रावणात उष्णता व दाब देऊन हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, म्हणजे हाडातील खनिजाशी अगदी जवळचे द्रव्य. पाच पायऱ्यांत द्रव्य पाच वेळा बदलते. आकार मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो. वेताच्या खोडातून लांबच लांब, सलग आणि रुंद नळ्या गेलेल्या असतात. त्यांच्या मधल्या भागात बारीक पेशींचे जाळे असते. हाडातही रक्तवाहिन्यांचे रुंद मार्ग आणि त्यांच्याभोवती सूक्ष्म पोकळ्या असतात. नव्या हाडाला आणि केशवाहिन्यांना आत शिरण्यासाठी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी छिद्रे असली तर उत्तम, असे सामान्यतः मानले जाते. आणि त्या छिद्रांनी एकमेकांस मिळालेले असणे त्याहूनही आवश्यक असते. भट्टीत पूड भाजून कृत्रिम पदार्थ करताना नेमकी ही सलगता साधणे कठीण जाते. वेतात ती आयती आहे. ह्या पदार्थाचे प्रयोग पुढे मेंढ्यांवर झाले आणि २०१४ साली ह्या संशोधनाच्या आधारे एक कंपनीही स्थापन झाली.

प्रश्न असा की तयार झालेल्या तुकड्यात वनस्पती कोठे आहे? सेल्युलोज नाही, लिग्निन नाही, वेताचा एकही रेणू राखून ठेवण्याचा हेतू नाही. कॅल्शियम बाहेरून आले, फॉस्फेट बाहेरून आले. कार्बनसुद्धा वाटेत निघून गेला. उरली ती पोकळीची मांडणी. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकाला ह्यावर ‘अग्निचित्’ हे रूप आठवावे. तेथे क्विप् प्रत्ययाचा संपूर्ण लोप होतो, त्याचा एकही वर्ण शिल्लक राहत नाही; तरी त्याच्या निमित्ताने आलेला तकार शब्दाच्या शेवटी उभा असतो. लोप पावलेल्या प्रत्ययाचे कार्य राहते असे शास्त्र सांगते. वेताचेही तसेच आहे. परंतु कोणी वैयाकरण ‘अग्निचित्’मध्ये क्विप् ऐकू येतो असे म्हणणार नाही.

वृत्तपत्रांनी हा शोध ‘लाकडाचे हाड’ म्हणून गाजविला, तेव्हा एका वाक्यात दोन चुका झाल्या. ते हाड नव्हते, आणि लाकूडही नव्हते. वेत हा ताडाच्या कुळातील वेल आहे. आंब्यासागाच्या खोडात वर्षानुवर्षे थर चढून जे काष्ठ बनते ते त्याच्यात बनत नाही. त्याचे शास्त्रीय गणनाम मात्र लक्षात घेण्याजोगे आहे : ‘कॅलॅमस’. हा तोच ग्रीक ‘कालामोस’, ज्यापासून आपली लेखणी आणि बागेतील कलम आले. म्हणजे ‘वेताचे कलम’ म्हणणाऱ्याने नकळत एकच शब्द दोनदा उच्चारलेला असतो. हा योगायोग आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि ज्या वेताने शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या हातांची हाडे शेकली त्याने आता हाडे भरावीत ह्यातही विनोदापलीकडे काही नाही.

वेताची युक्ती निराधार उपजलेली नव्हे. १९७४ साली पेनसिल्व्हेनियातील रॉय आणि लिनेहान ह्यांनी प्रवाळाच्या सांगाड्यातील कार्बोनेटचे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटमध्ये रूपांतर करून दाखविले होते. तेथेही छिद्रांची रचना तशीच राहिली. लाल शैवलाच्या चुनखडीयुक्त कायेवरही हीच क्रिया करता येते आणि त्या प्रकारचा पदार्थ दंतशल्यात १९८० च्या दशकापासून वापरात आहे. प्रवाळ हा प्राणी, शैवल ही सामान्य बोलण्यात वनस्पती, वेत हा निःसंशय वनस्पती. तिघांच्या पदार्थांत रासायनिक दृष्ट्या फारसा भेद नाही. तरी एकाला प्राणिजन्य आणि दुसऱ्या दोघांना वनस्पतिजन्य म्हणावयाचे म्हणजे घडा कोणत्या झाडाच्या चाकावर फिरला त्यावरून त्याची जात ठरविणे होय.

ह्याच्या अगदी उलट टोकाला सफरचंद आहे. ओटावा येथील अँड्रू पेलिंग ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली असे दाखविले की सफरचंदाच्या गराची चकती साबणासारख्या द्रावणात धुऊन तिच्यातील पेशींचा सारा ऐवज काढून टाकला, तर उरलेल्या सेल्युलोजच्या जाळीत सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढू शकतात. पुढे ह्या जाळीत हाड बनविणाऱ्या पेशी वाढविण्यात आल्या आणि उंदरांच्या कवटीतील छिद्रांतही ती बसविण्यात आली. २०१७ साली वूस्टर येथील संशोधकांनी पालकाच्या पानाच्या शिरांतून रक्तवाहिन्यांसारखा प्रवाह नेऊन दाखविला, तोही ह्याच धर्तीवर, परंतु त्याचा रोख हृदयाच्या स्नायूकडे होता. सफरचंदाच्या बाबतीत वनस्पती समवायी कारण आहे, ह्यात शंका नाही. ती तेथे प्रत्यक्ष आहे. आणि अडचण नेमकी तीच आहे. मनुष्याच्या पेशी सेल्युलोज तोडणारे विकर बनवीत नाहीत. वेताच्या खनिजाला शरीर हळूहळू खाऊ शकते, कारण हाड खाणाऱ्या पेशींना ते खनिज ओळखीचे आहे. सेल्युलोजची जाळी मात्र दीर्घकाळ तशीच राहणार. पूर्वी सांगितलेले रांगते प्रतिस्थापन येथे अडते. शिवाय गराची जाळी हाडाच्या मानाने अतिशय मऊ. भार न पडणाऱ्या जागीच तिचा विचार करता येईल.

लाकूड जसेच्या तसे हाडात बसविण्याचे प्रयोगही झालेले आहेत. फिनलंडमधील तुर्कू येथे बर्चचे तुकडे सशांच्या मांडीच्या हाडात बसविले गेले. तेथील संशोधकांना जो प्रश्न तपासावा लागला तो उद्बोधक आहे : लाकूड आधी किती तापविले असता हाड त्याला अधिक चांगले स्वीकारते? म्हणजे येथेही कळीचा विषय उष्णतेची प्रक्रिया हाच ठरला, बर्चचे झाडपण नव्हे. वनस्पतीचा जिवंत शरीराशी संबंध आला की तो सौम्य आणि हितकर असणारच, ही समजूत कोणाला वाटत असेल तर त्याने पायात मोडलेला बाभळीचा काटा आठवावा. तो निखालस वनस्पतिजन्य असतो. शरीर त्याला महिनोन्‌महिने पू करून बाहेर ढकलू पाहते.

तिसरा वर्ग उकळून, गाळून, वेगळ्या केलेल्या द्रव्यांचा : तपकिरी शैवलातील अल्जिनेट, पिष्ट, सोयाबीनमधील प्रथिने. ही पुष्कळदा दुसऱ्या खनिजाला बांधून ठेवण्यासाठी किंवा औषध धरून ठेवण्यासाठी वापरतात. ह्यांचे संशोधन विपुल असले तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांत नवे थोडे आहे. एवढेच नमूद करावे की तपकिरी शैवल आजच्या जीवशास्त्रीय वर्गीकरणात वनस्पतींच्या सृष्टीत मोडतच नाही. चरकाच्या चतुर्विध वर्गीकरणात तर फुलावाचून फळणाऱ्या झाडालाच ‘वनस्पति’ म्हटले आहे. त्या अर्थाने सफरचंदही बाहेर पडेल आणि उंबर तेवढा आत राहील. अर्थात शब्दाचा अर्थ चरकापाशी थांबलेला नाही, आणि तो थांबावा असा आग्रहही योग्य नव्हे.

भारतीय वाचकाच्या मनात मात्र ह्या विषयाबरोबर पहिले नाव येते ते वेताचे किंवा सफरचंदाचे नव्हे, तर हाडजोडीचे. द्राक्षकुळातील ही चौधारी, कांडी-कांडीची वेल. हिला कांडवेल असेही म्हणतात. संस्कृतातील तिचे ‘अस्थिसंहार’ हे नाव मराठी विद्यार्थ्याला चकविणारे आहे, कारण मराठीत ‘संहार’ म्हणजे नाश एवढाच अर्थ उरला आहे आणि हाडांचा नाश करणारी वेल हाडे जोडते हे कोडेच वाटेल. सम् उपसर्गपूर्वक हृ धातूचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आवरून घेणे असा आहे. हाडे एकत्र आणणारी ती अस्थिसंहार. भग्नचिकित्सेत तिचा उपयोग चक्रदत्तासारख्या ग्रंथांत सांगितला आहे. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद ह्यांनी प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर तिचा परिणाम तपासला. हाडाची ताकद मोजली, किरणोत्सर्गी कॅल्शियमचा माग घेतला, आणि हाड लवकर जुळते असा निष्कर्ष काढला. नुसत्या परंपरेवर विसंबून न राहता मोजमापाची वाट धरणारे हे काम आजही आदराने वाचण्याजोगे आहे.

परंतु हाडजोड हे कलम नव्हे. ते मोडलेल्या हाडाच्या जुळण्याला साहाय्य करणारे औषध आहे, आणि जेथे दोन टोके एकमेकांसमोर आहेत तेथेच जुळण्याचा प्रश्न येतो. गाठ काढल्यामुळे किंवा अपघातात हाडाचा तुकडा उडाल्यामुळे मध्ये तीन बोटांची पोकळी पडली असेल तर तेथे सांधण्यापूर्वी भरण्याची गरज असते. आधुनिक लेखनात हाडजोडीचा अर्क पदार्थाच्या जाळीत मिसळण्याचे प्रयोग येतात. तेथे जाळी भरते आणि अर्क उत्तेजन देतो, ही दोन कामे स्पष्टपणे वेगळी ठेवली पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी तशी ती ठेवली जात नाहीत. प्रास्ताविकात प्राचीन नाव येते, त्यावरून हाडाशी नाते गृहीत धरले जाते, आणि नाव हाच पहिला पुरावा होऊन बसतो. वेलीची कांडी सांध्यांसारखी दिसते म्हणून तिला ते नाव पडले असेल, की हाडे जुळताना पाहून पडले असेल, ह्याचा निर्णय नावावरून करता येत नाही. वेत आणि हाडजोड ह्यांच्यातील खरा भेद येथे आहे. दोहोंत वनस्पतीचे हाडाशी आकारसाम्य आहे. वेताच्या ठिकाणी ते साम्य स्वतः काम करते, रक्तवाहिनी त्या नळीतून जाते. हाडजोडीच्या ठिकाणी साम्य झालेच तर सुचविते, काम रसायनाने करावयाचे असते. एकाच विशेषणाखाली ही दोन्ही आली म्हणजे पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खाती जमा होतो.

राहिला ‘पर्याय’ हा शब्द. इंग्रजी लेखनात हे पदार्थ हाडाच्या कलमाचे प्रतिनिधी म्हणून मांडले जातात. एकाच्या जागी दुसरे येणे ह्या कल्पनेची जितकी सूक्ष्म चर्चा व्याकरणशास्त्राने केली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या शास्त्राने केली असेल. ज्याच्या जागी येते तो स्थानी, जे येते तो आदेश. आर्धधातुक प्रत्ययापूर्वी ‘अस्’ धातूच्या जागी ‘भू’ येतो आणि अस् धातू होता म्हणून भू हाही धातू समजून पुढील कार्ये होतात. पण पाणिनीने ह्याला मर्यादा घातली आहे : जे कार्य स्थानीच्या प्रत्यक्ष वर्णावर अवलंबून असते ते आदेशाला लागू होत नाही. अधिकार संक्रांत होतो, अंगचा गुण होत नाही. हाडाच्या पर्यायांची चर्चा ह्या मर्यादेवाचून चालते हा तिचा मोठा दोष आहे. वेताचा तुकडा वाट देण्याच्या कामापुरता आदेश आहे. हाड बनविण्याची प्रेरणा देणे हे युरिस्टच्या प्रयोगानुसार हाडातील विशिष्ट प्रथिनांवर अवलंबून असलेले कार्य. आणि जिवंत पेशींनी हाड बनविणे हे तर केवळ जिवंत हाडाचेच. जाळीत रुग्णाच्या पेशी किंवा ती प्रथिने घातली तर गोष्ट बदलते, पण मग तो गुण वेताचा म्हणता येणार नाही. ‘पर्याय’ म्हटले की तिन्ही कामांचा बोध होतो. कोणत्या कामापुरता पर्याय, हे सांगितल्यावाचून तो शब्द अपुरा आहे.

ह्या सर्व गोंधळाचा भार कोणावर पडतो हे पाहावयाचे असेल तर एखाद्या माळकरी वृद्धाची किंवा जैन गृहिणीची कल्पना करावी. जबड्यातील हाड झिजले आहे, त्यात भर घालावी लागेल असे दंतवैद्य सांगतो. ती विचारते, “हे कशाचं आहे?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, गाईबैलांच्या हाडाचे खनिज ह्या कामासाठी खरोखरच वापरले जाते. “वनस्पतीचं आहे” एवढे उत्तर मिळाले की तिचे समाधान होते. पण तिला जे विचारावयाचे होते ते कळले काय? त्या जाळीला प्राण्यांच्या कोलॅजनचा लेप असू शकतो, आणि तरीही पदार्थ वनस्पतिजन्य म्हणूनच ओळखला जाईल. उलट सर्वस्वी खनिजापासून बनविलेला कृत्रिम पदार्थ, ज्यात प्राण्याचा अंशही नाही, तो ‘वनस्पतिजन्य’ नाही म्हणून ती नाकारील. नंतर कधी तरी तो पदार्थ शरीरात किती दिवस राहणार, विरघळणार की नाही, हा प्रश्न तिला सुचणारही नाही. कारण ‘वनस्पती’ ह्या शब्दाने तो आधीच मिटविलेला असतो. पानफूल कुजते, हे सर्वांना ठाऊक आहे.

मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्याने म्हणून उगमाचे विशेषण दुय्यम मानून प्रथम काम आणि कारण सांगणाऱ्या संज्ञा घडवाव्यात. मुळात ‘कलम’ हा शब्द रुग्णाच्या किंवा दात्याच्या हाडापुरता ठेवून बाकीच्यांना ‘अस्थिपूरक’ म्हणता येईल. पूरक म्हणजे भरणारे, आणि प्राणायामातील पूरकाप्रमाणे ते कायम राहिलेच पाहिजे असे त्यातून निघत नाही. मग वेताचा आणि लाल शैवलाचा पदार्थ ‘वनस्पत्याकृती खनिज पूरक’ होईल, सफरचंदाचा ‘सेल्युलोज पूरक’, आणि हाडजोडीचा अर्क पूरक न राहता ‘उत्तेजक’ ह्या वेगळ्या सदरात जाईल. ‘वनस्पत्याकृती’ हा शब्द जड आहे हे कबूल केले पाहिजे. बोलण्यात तो रुळेल असे वाटत नाही, आणि दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो सांगणे हास्यास्पदच होईल. तेथे “वेताच्या साच्यात घडवलेलं हाडाचं खनिज” असे साधे वाक्य अधिक उपयोगी. संज्ञेची जागा वाक्याने घ्यावी असे प्रसंग शास्त्रातही येतात. मात्र जेथे वेताच्या साच्यातील खनिज, प्राणिज कोलॅजन आणि वनस्पतीचा अर्क अशी तिन्ही द्रव्ये एकत्र येतात, तेथे हे वर्गीकरणही अपुरे पडेल. अशा पदार्थाच्या वेष्टनावर एकही विशेषण न लावता तिन्ही द्रव्यांची नावे त्यांच्या कामांसह छापावी लागतील.